अंगावर काढलेल्या दुखण्यांचा हिशेब

ब्रिटिश अमदानीत गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद ज्या दप्तरात होत असे, त्या दप्तराने माणसाला मरणाची कारणे फार थोडी ठेवली होती : पटकी, देवी, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि यांपैकी कोठेच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर कारणे’ असे एक ऐसपैस सदर. गावकामगाराने ऐकीव माहितीवरून नोंद करावी, तालुक्याच्या कचेरीत अशा नोंदींची बेरीज व्हावी, आणि ती बेरीज यथाकाल इलाख्याच्या आरोग्याधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात छापून यावी, असा तो शिरस्ता होता. बाळंतपणानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी हुडहुडी भरून गेलेली स्त्री या व्यवस्थेत बहुधा तापाच्या रकान्यात जाई, आणि वार न पडल्यामुळे रात्रभर रक्त वाहून पहाटे गेलेली स्त्री ‘इतर कारणां’त, म्हणजे त्या दोघी गावात बाळंतीण म्हणून मेल्या असल्या तरी सरकारदरबारी त्यांचे बाळंतपण झालेच नव्हते. अहवाल लिहिणाऱ्यास यात कोणाची फसवणूक करावयाची होती असे नव्हे. ज्याने रकाने आखले त्याला साथीच्या रोगांची धास्ती होती, कारण साथ छावणीत आणि बाजारपेठेत शिरते. बाळंतिणीचा मृत्यू घराच्या अंधाऱ्या खोलीत होतो आणि तेथेच संपतो.

प्रस्तुत संग्रहातील लेख स्त्रियांच्या, विशेषतः मातांच्या, आरोग्यासंबंधी अलीकडच्या काळात जे संशोधन झाले त्याचा परिचय मराठी वाचकास व्हावा या हेतूने लिहिले गेले आहेत. लेखक निरनिराळे आहेत, त्यांच्या विद्याशाखा निरनिराळ्या आहेत, आणि एकदोन ठिकाणी त्यांची मते परस्परांशी जुळतही नाहीत. प्रत्येकाची ओळख करून देऊन पाठ थोपटण्याचा जो प्रघात प्रस्तावनाकारांनी पाडला आहे, तो बाजूस ठेवून या सर्व लेखांच्या तळाशी असलेला एक प्रश्न उलगडून दाखवणे मला अधिक उपयुक्त वाटते. जे दुखणे भोगणारीनेही दुखणे म्हणून सांगितले नाही आणि ऐकणाऱ्यानेही विचारले नाही, ते प्रथम कोणी, कोठे जाऊन आणि कोणत्या साधनाने मोजले, हा तो प्रश्न होय. मातृआरोग्याच्या क्षेत्रात जी भरीव प्रगती झाली तिच्या मुळाशी एखादे अपूर्व औषध क्वचितच सापडते. कोणीतरी तपासणीची जागा बदलली, रुग्णालयाच्या खाटेवरून उठून चाळीच्या खोलीत, खेड्याच्या ओसरीवर किंवा चुलीपाशी जाऊन बसले, आणि जे ‘असायचेच’ म्हणून सोडून दिले होते त्याची मोजदाद केली, असे बहुधा आढळून येते.

या परंपरेचा एक ठळक आरंभ मुंबईतच झाला, ही गोष्ट आपल्याकडे असावी तितकी परिचित नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणगावातील कामकरी स्त्रियांना गरोदरपणाच्या उत्तरार्धात एक विलक्षण तीव्र पांडुरोग जडत असे, आणि त्यात कित्येकींचा अंत होत असे. त्याचे कारण शोधावे यासाठी त्यांना बोलावण्यात आले होते. मार्गारेट बॅल्फर या ज्येष्ठ डॉक्टर गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी त्याच सुमारास करीत होत्या, आणि दोघींच्याही कामात डॉ. तळपदे या स्थानिक सहकाऱ्याचा वाटा होता. काळही मोठा जागता होता. गिरणीतील स्त्रीला प्रसूतीच्या काळात रजा व भत्ता मिळावा, यासंबंधीच्या विधेयकावर मुंबईच्या कायदेमंडळात चर्चा चालू होती, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याच्या बाजूने भाषण केले होते, आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभाचा कायदा संमत झाला. सभागृहात जिच्यासाठी कायदा होत होता, तीच स्त्री परळच्या हाफकिन संस्थेत रक्ताच्या थेंबाच्या रूपाने सूक्ष्मदर्शकाखाली येत होती.

विल्सबाईंनी प्रथम जंतूंचा संशय घेतला, कारण त्या काळी प्रत्येक रोगामागे एखादा जंतू उभा असलाच पाहिजे अशी वैद्यकाची धारणा होती. जंतू सापडला नाही. मग त्यांनी या स्त्रिया काय खातात, हे पाहण्यास सुरुवात केली. दूध, फळे आणि भाजीपाला यांची त्यांच्या ताटातील वानवा ध्यानी आल्यावर तसाच निकृष्ट आहार प्रयोगशाळेतील प्राण्यांना देऊन तोच विकार त्यांनी प्राण्यांमध्ये उत्पन्न करून पाहिला, आणि त्यावर निरनिराळे उपाय योजले. यकृताचा अर्क गुणकारी ठरत होता, परंतु तो महाग. चाळीतील बाईला तो रोज कोण देणार? शेवटी यश आले ते मार्माइट नावाच्या, विलायतेत पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्काला. १९३१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे त्या वेळी अज्ञात असल्यामुळे त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले आणि त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गरोदरपणाच्या आधीपासून हेच द्रव्य घेतल्यास, पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाचे मूल आधी झालेल्या मातांमध्ये ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचा संभव सुमारे तीन-चतुर्थांशाने घटतो, असे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगातून सिद्ध झाले. आज जगभर गरोदर स्त्रीच्या हाती पडणारी ती लहानशी गोळी, तिच्या वंशावळीचा एक मूळपुरुष, नव्हे मूळस्त्री, परळच्या गिरण्यांच्या भोंग्याच्या टापूत होती, हे सांगण्यात थोडा मुंबईकर अभिमान डोकावत असेल तर तो वाचकाने क्षम्य मानावा.

यानंतर या प्रांतापुरते बोलावयाचे तर साठेक वर्षांचा काळ ओलांडून मी थेट गडचिरोलीस येतो. मधल्या काळात काही घडले नाही असे नाही; दवाखाने झाले, प्राथमिक आरोग्यकेंद्रे झाली, कुटुंबनियोजनाचा प्रचंड खटाटोप झाला. परंतु या सर्व उद्योगात स्त्रीच्या शरीराकडे मुख्यतः दोनच बाजूंनी पाहिले गेले : ती प्रसवते म्हणून, किंवा तिने प्रसवू नये म्हणून. या दोहोंच्या मधल्या काळात तिला काय होते, याची चौकशी करण्याचे काम कोणत्याच खात्याकडे नव्हते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी जो अभ्यास केला, तो जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या विचाराला त्याने एक नवे वळण दिले. त्याचे आकडे आज अनेकांना पाठ आहेत, तरी ते पुन्हा सांगण्यासारखे आहेत. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग अथवा जननेंद्रियाशी निगडित रोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग, निम्मा रोगभार जंतुसंसर्गाचा. आणि यापूर्वी अशा विकारासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती, तर अवघ्या ८ टक्के.

परंतु या अभ्यासातला सर्वांत अर्थपूर्ण आकडा याहून निराळा आहे असे मला वाटते. या स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी आपल्याला काही तक्रार असल्याचे सांगितले, आणि उरलेल्या ४५ टक्क्यांची तक्रारच नव्हती. रोग ९२ टक्क्यांना आणि तक्रार ५५ टक्क्यांची, या दोन आकड्यांमधल्या फटीत आपल्या समाजाच्या एका मोठ्या भागाचे आयुष्य साठलेले आहे. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या वेळी उठवत नाही इतका रक्तस्राव होणे, हे सारे आजीला होते, आईला होते, तेव्हा आपल्यालाही असणार, अशा समजुतीने ज्या स्त्रिया दुखणे अंगावर काढतात, त्यांना ‘काही त्रास आहे का’ असे कागदावरचा छापील प्रश्न वाचून विचारले असता त्या खरोखरच प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. रुग्णालयात बसून केलेल्या संशोधनाला ही फट कधीच दिसली नसती, कारण रुग्णालयात तीच बाई येते जिने आपल्या दुखण्यास एकदा तरी दुखणे मानले आहे. लोकांच्या मताने आणि लोकांच्या गावात जाऊन केलेल्या तपासणीचे सामर्थ्य येथे प्रत्ययास येते.

पुढे याच संस्थेने गावातील निवडक स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्याकरवी नवजात अर्भकांची घरोघरी शुश्रूषा करविली आणि ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाची कीर्ती जगभर गेली. त्याच गावांतून बाळंतिणींविषयी गोळा झालेली माहिती मात्र तितकी वाचली गेली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरी बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांपैकी अर्ध्याहून अधिक स्त्रियांना काही ना काही विकार झाल्याचे दिसले, आणि त्यांतही प्रसूतीच्या वेळी विकार झालेल्यांपेक्षा प्रसूतीनंतरच्या दिवसांत विकार झालेल्यांची संख्या दुपटीहून अधिक होती : १७.७ टक्क्यांस ४२.९ टक्के. मूल सुखरूप झाले की घरचे, शेजारचे आणि सरकारचेही लक्ष पाळण्याकडे वळते. विकार मात्र तेव्हाच सुरू होतात.

दुखण्याची नोंद झाली म्हणजे न्याय झाला, असे समजण्याचा मोह या ठिकाणी होतो. त्याला बीड जिल्ह्याने चोख उत्तर दिलेले आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे तेथील लक्षावधी माणसे कारखान्यांच्या फडाकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते, आणि कामावर खाडा झाला की उचलीवर आणखी बोजा चढतो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी; त्यात पांढरे जाण्याची जुनीच तक्रार. अशा स्त्रीला कोणी सांगितले की, ‘पिशवीला सूज आहे, पुढेमागे कर्करोग व्हायचा, काढून टाकलेली बरी,’ तर तिच्या दृष्टीने त्या सल्ल्यात व्याधी, पाळी आणि खाडा या तिन्हींचा एकदम निकाल लागतो. २०१९ मध्ये हा प्रकार गाजू लागल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची विचारपूस झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेली असल्याचे निष्पन्न झाले.

गडचिरोलीच्या संशोधकांनी ज्या तक्रारीला वाचा फोडली, तिच्याच आधारे बीडमध्ये शस्त्रक्रियेचा बाजार उभा राहिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्यकारणाचा असा सरळ धागा तेथे नाही. तरी एवढे खरे की, साध्या जंतुसंसर्गावर वेळेवर, स्वस्तात आणि सन्मानाने उपचार करणारी यंत्रणा सरकारने उभी न केल्यास, ती जागा रिकामी राहत नाही. हा प्रश्न देशाच्या दप्तरातही उशिराच आला : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशय काढल्याविषयीचा प्रश्न २०१५–१६ च्या चौथ्या फेरीत प्रथम घालण्यात आला, आणि तेव्हा असे दिसले की, देशात अशा सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. या संग्रहात त्या विषयावर दोन लेख आहेत. दुसऱ्याचा सूर पुष्कळ कडक आहे, आणि तो सौम्य करण्याची सूचना मी केली नाही.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासाकडे वळताना विषयाचे क्षितिजच बदलते. येथे प्रश्न आईच्या मृत्यूचा अथवा व्याधीचा नसून, तिच्या पोषणाची सावली पुढच्या पिढीवर किती लांब पडते, हा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांची मापे घेण्यास सुरुवात केली, सुमारे ८०० गर्भारपणांचा मागोवा घेतला, आणि जन्मलेली मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांचे सुमारे साडेतीन किलो. परंतु ही किडकिडीत मुले सर्वांगाने सारख्या प्रमाणात लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. पुढे मधुमेहाकडे झुकणारी भारतीय देहयष्टी मातेच्या उदरातच घडू लागते की काय, अशी शंका येथून बळावली.

त्या मातांच्या आहारात उष्मांक आणि प्रथिने यांच्यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे किती वेळा खाण्यात येतात, याचा संबंध मुलाच्या जन्माकाराशी अधिक स्पष्टपणे दिसून आला. विल्सबाईंनी त्याच्याही सहा-सात दशके आधी मुंबईच्या चाळींत जी वानवा टिपली होती, तीच ही. मात्र येथे कथेला एक अनपेक्षित वळण लागते. या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फॉलेट मात्र भरपूर, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे, आणि एवढ्यावरून गोळ्या वाटणे थांबवावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण परळला सापडलेले द्रव्य सरकारी मोहिमेतून घरोघर पोहोचल्यावर, त्याचे जोडीदार द्रव्य ताटात नसेल तर काय होते, हे विचारण्याची वेळ आली, एवढे निश्चित.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेला ‘सरस’ प्रकल्प याच विचारातून निघाला. सहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध, उरलेल्या जणींच्या खाऊत कमी पोषक जिन्नस. सरसकट पाहता जन्मवजनात संख्याशास्त्रास मान्य होईल असा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांच्या मुलांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने वाढले, आणि तेही मुळात अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांच्या मुलांत अधिक. अगदी हाडकुळ्या स्त्रियांना त्याचा लाभ फारसा झाला नाही. गर्भारपणातील मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. अपेक्षित ते न घडता भलतेच घडले, असे हे फलित आहे, आणि वृत्तपत्रांना ते आवडले नाही तर नवल नाही. मला तर या संग्रहातील सर्वांत प्रामाणिक प्रकरण तेच वाटते. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार नऊ महिन्यांच्या खाऊने फिटत नाही, हे त्यातून जितके उघड होते तितके यशस्वी प्रयोगांतून होत नाही.

आता रक्तस्रावाविषयी. जगात २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात वा प्रसूतीच्या कारणाने मृत्यू पावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि या मृत्यूंच्या कारणांत प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव अग्रभागी आहे. त्यावर औषधे आहेत, ती स्वस्त आहेत, ती कशी द्यावीत याविषयी मतभेद फारसे नाहीत. अडचण निराळीच आहे : किती रक्त गेले, हे कोणालाच नीट कळत नाही. सुईण असो, परिचारिका असो वा निष्णात डॉक्टर, चादरीवर, जमिनीवर आणि कपड्यांच्या बोळ्यांत मुरलेले रक्त नजरेने अजमावताना सगळेच कमी अंदाज करतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह या शतकाच्या आरंभी बेळगाव जिल्ह्यात जो प्रयोग केला, त्यासाठी त्यांनी एक साधे साधन तयार केले. बाळंतिणीच्या कमरेखाली पसरावयाचे प्लॅस्टिकचे एक आच्छादन, जे खाली निमुळते होत पिशवीत उतरते, आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. या साधनाशी ताडून पाहता नजरेचा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरला.

त्या प्रयोगाचा मुख्य हेतू वेगळा होता. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून द्यावयाचे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंडाव्यात ठेवावे लागते. जेथे वीज दिवसातून चारदा जाते अशा ठिकाणी बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंच्या हाती मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर काय होईल, हे पाहावयाचे होते. १,६२० स्त्रियांच्या त्या चाचणीत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते फलित छापले, आणि डॉक्टर हजर नसतानाही नर्सच्या हातून हे औषध सुरक्षितपणे देता येते ही गोष्ट प्रस्थापित झाली. गोळीची कीर्ती झाली. पिशवी मागे राहिली.

तिचा दिवस उजाडण्यास २०२३ साल यावे लागले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या आधारे झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या चाचणीत तशाच खुणा केलेले आच्छादन वापरून रक्त मोजण्यात आले, आणि ठरावीक रेषा ओलांडली जाताच गर्भाशयाचे मर्दन, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव आणि कारणाची तपासणी ही पाची कामे एकामागून एक न करता एकदमच हाती घेण्यात आली. नेहमीच्या पद्धतीत सुमारे निम्मेच अतिरक्तस्राव ओळखले जात होते. येथे ९३ टक्के ओळखले गेले. लिटरभराहून अधिक रक्त जाणे, रक्तस्रावामुळे पोट उघडावे लागणे अथवा मृत्यू येणे, अशा एकत्रित अनर्थांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. नवे औषध एकही नव्हते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा उपयोगही २०१७ मध्येच वीस हजार स्त्रियांच्या चाचणीतून ठाऊक झालेला होता. जे नवे होते ते इतकेच की, अंदाजाच्या जागी रेषा आली आणि रेषा दिसताच कोणी वरिष्ठाच्या हुकुमाची वाट पाहिली नाही.

आपल्याकडे या रक्ताच्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. अर्धा लिटर रक्त जाणे निरोगी स्त्रीला सोसते, पांडुरोगी स्त्रीला सोसत नाही. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया पांडुरोगी निघाल्या, जो आकडा आधीच्या फेरीत ५३ होता. मातामृत्यूचे प्रमाण मात्र याच काळात झपाट्याने घटले : नमुना नोंदणी पद्धतीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे २००१–०३ मध्ये ३०१, तर २०१८–२० मध्ये ९७; महाराष्ट्रात त्या वेळी ३३, केरळात १९, आसामात १९५. म्हणजे आपण स्त्रीला मरू न देण्यास शिकलो, धडधाकट ठेवण्यास नव्हे. दवाखान्यातील बाळंतपणे दीड दशकात ३९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांच्या घरात गेली हे त्या घटीचे एक मोठे कारण खरेच. आणि त्याच दवाखान्यांपैकी खासगी दवाखान्यांत जवळजवळ निम्मी, ४७ टक्के, बाळंतपणे पोट फाडून होतात, हेही त्याच पाहणीत नमूद आहे. एका बाजूस मोजदाद नाही म्हणून मरणारी स्त्री, दुसऱ्या बाजूस बिलाच्या प्रत्येक कलमासह मोजली जाणारी. दोघी एकाच तालुक्यात राहत असणे अशक्य नाही.

या संग्रहाची एक उणीव सांगणे प्रस्तावनाकार म्हणून माझे काम आहे. मातामृत्यूची आंतरराष्ट्रीय व्याख्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत जाते. आपल्याकडे गडचिरोलीच्या धर्तीवर २०११ पासून देशभर जी नवजात शुश्रूषेची योजना आली, तीतही आशा कार्यकर्ती घरी जाते ती ४२ व्या दिवसापर्यंतच. तिच्या हातातील कागदावर बाळाचे वजन, ताप, दूध ओढण्याची रीत असे पुष्कळ रकाने आहेत, आणि आईसाठी थोडे : दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, ताप आहे काय, रक्ताच्या किती घड्या बदलाव्या लागतात. त्रेचाळिसाव्या दिवशी काय, याविषयी येथील लेखांत जवळजवळ काही नाही. तो दोष लेखकांचा कमी आणि त्यांना उपलब्ध असलेल्या संशोधनाचा अधिक आहे. ‘लॅन्सेट’ परिवारातील एका नियतकालिकाने २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत असा अंदाज दिला आहे की, जगात दरवर्षी निदान ४ कोटी स्त्रियांना प्रसूतीमुळे दीर्घकाळ टिकणारे दुखणे जडते. समागमात होणाऱ्या वेदना सुमारे तिघींपैकी एकीला, कंबरदुखी जवळपास तितक्याच जणींना, शौचावर ताबा न राहणे सुमारे पाचांपैकी एकीला, विषण्णता शंभरात ११ ते १७ जणींना. यांपैकी पुष्कळ तक्रारी सहा आठवडे उलटल्यावरही, म्हणजे साऱ्या कागदांचे रकाने संपल्यावर, तशाच चालू असतात. लेखकांनी अशा ३२ विकारांची यादी करून त्यांवर उपचाराची चांगली मार्गदर्शक तत्त्वे शोधली, तेव्हा सुमारे ४० टक्के विकारांसाठी गेल्या दहा-बारा वर्षांत तयार झालेले असे एकही प्रमाणभूत मार्गदर्शन त्यांना मिळाले नाही. आणि जे मिळाले, त्यात गरीब अथवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत तयार झालेले एकही नव्हते. पुढील आवृत्तीसाठी त्या विषयावरचे लेख मागविण्यात येत आहेत.